पाटीखालची पाटी

आबा, गेल्या रविवारी मंगळवार पेठेतल्या तुमच्या भिंतीला शिडी लावली. भिंत तशी बँकेची, पण आई अजून ‘त्यांची भिंत’ असंच म्हणते, म्हणून मीही. शटरच्या वरची पत्र्याची पाटी काढायची, मागची भिंत साफ करायची आणि त्या जागी मोठ्या बँकेचा ग्लो साइन बोर्ड बसवायचा, एवढं काम होतं. तुमच्या वेळी आपली जुनी बँक ज्या मधल्या बँकेत गेली, ती मधली बँक आता या मोठ्या बँकेत गेली. असले बोर्ड मी कर्नाटकात, गुजरातेत, राजस्थानात बसवून आलोय. कोल्हापूरचं काम निघालं तेव्हा मालकाला म्हटलं, ही शाखा मीच करणार. तो म्हणाला, कर की, अडवलंय कोण? त्याला वाटलं, पोराला घरचं जेवण आठवलं. तेही होतंच. पण मला एक गोष्ट बघायची होती, जी तुम्ही गेल्यापासून मला कुणी धड सांगितलेली नाही. त्या वेळी मॅनेजरनं भिंतीवरचं तुमच्या हातचं जुनं नाव खरवडून काढायला सांगितलं होतं, तर तुम्ही ते खरवडलं का नाही?

आधी माझं सांगतो. तुम्ही मला शेवटचं बघितलं तेव्हा मी शाळेत होतो आणि तुम्हाला वाटत होतं की मी आयटीआय करून कुठल्या तरी कारखान्यात चिकटेन. आयटीआयला गेलतो, पण पुरा केला नाही. मग हायवेवरच्या एका हॉटेलात राहिलो, मग इचलकरंजीत मागाच्या शेडवर. तिथं मन रमायचं ते कामात नाही, शिफ्ट सुटल्यावर बाहेरगावचे कामगार आपापल्या भाषेत काय बोलतात ते ऐकण्यात. मुकादम म्हणाला, तू कापड बघायला आलायस का माणसं? त्याच शेडच्या मागं बोर्ड करणाऱ्याचा कारखाना होता. अक्षरं कापणारं मशिन बघायला म्हणून आत गेलो तो तिथंच राहिलो. म्हणजे फिरून फिरून तुमच्याच धंद्यात आलो, फक्त हातात ब्रश नाही, ड्रिल मशिन आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, हा काय रंगारी, हा तर लोहार.

या कामात मला एक खोड लागली. शिडी लावली की खाली जो उभा असेल त्याला विचारायचं, याच्या आधी इथं काय होतं? कारवारच्या बाजूला एका चहावाल्यानं सांगितलं, बँक होती. त्याच्या आधी? बँक. त्याच्या आधीही बँकच. आणि त्याच्या आधी? नारळाचं गोदाम. राजस्थानात एक म्हातारी पासबुक घेऊन आली आणि दारावरच्या शिपायाला कुठल्या तरी भलत्याच बँकेचं नाव विचारायला लागली. तो म्हणाला, हीच ती, आत जा, माँजी. ती गेल्यावर त्याला विचारलं, तर म्हणाला, हे नाव मी नोकरीला लागायच्या आधीच गेलंय, पण हिचं बरोबर आहे, हीच ती बँक. मला इतके दिवस वाटायचं की मोठी बँक म्हणजे कुणी तरी भरपूर पैसा घेऊन आलं, गावोगाव गाळे घेतले आणि शाखा उघडल्या. तसं थोडंच असतं! कितीतरी शाखा तिनं उघडलेल्याच नसतात. त्या उघड्याच असतात, गिऱ्हाईक आत बसलेलं असतं, पंखा फिरत असतो, आणि ही येऊन शेजारी बसते. मग थोड्या दिवसांनी मी शिडी घेऊन येतो.

यावरून मला चिखलीचा संगम आठवतो. तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं होतं. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती, सगळ्या कुठून कुठून येतात ते बोटानं दाखवलं आणि म्हणालात, इथनं पुढं पंचगंगा. मी विचारलं, मग भोगावती कुठं संपली? तुम्ही म्हणालात, “संपली न्हाय रे, नाव सोडलं तिनं.” तेव्हा मला ते फार पटलं होतं. आता वाटतं, पटायला नको होतं, कारण नाव सोडायला नदीला सभा घ्यावी लागत नाही. बँकेला लागते.

त्या सभेला तुम्ही मला नेलंत ते श्रीखंडासाठी, हे मला माहीत होतं. पहिल्यांदा पाटी रंगवली तेव्हा संचालकांच्या आग्रहानं तुम्ही जुन्या बँकेचे थोडे शेअर घेतले होते, आणि त्या जोरावर वर्षातून एकदा इस्त्रीचा शर्ट घालून सभेला जायचात. एरवी स्टीलचा डबा नाही तर भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. त्या वर्षी फक्त जेवण होतं, आणि अध्यक्ष बराच वेळ बोलत होते. आपली बँक लहान आहे, आता नियम मोठे झालेत, नुसत्या ओळखीवर आणि चांगुलपणावर भांडवल उभं राहत नाही, चांगलं स्थळ आलंय तोवर हो म्हणूया, असं काहीतरी. स्थळ हाच शब्द ते वापरत होते. पुढच्या रांगा ‘मंजूर, मंजूर’ ओरडत होत्या, मागच्या ‘नामंजूर’, आणि मधल्या लोकांचं लक्ष पंगत कधी बसते इकडं. तेवढ्यात तुम्ही उठलात. मला लाजल्यासारखं झालं, कारण आपल्याकडचं कुणी सभेत उठत नसे. तुम्ही विचारलंत, “साहेब, जुन्या पाटीचं काय करणार?” सगळा हॉल हसला. कोणीतरी मागनं म्हणालं, पेंटरला कामाची चिंता पडली. अध्यक्ष म्हणाले, ते नवीन लोक बघतील. तुम्ही बसलात, आणि पंगतीत दोनदा श्रीखंड मागून घेतलंत. म्हणून मी बरेच दिवस धरून चाललो होतो की तुम्हाला खरंच कामाचीच चिंता होती.

आणि काम तुम्हालाच मिळालं. त्याची तयारी आपल्या स्वयंपाकघरात झाली, हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. मधल्या बँकेनं अक्षराचा नमुना पाठवला होता आणि तुम्हाला ते वळण बसत नव्हतं. चुलीच्या समोरची भिंत तेवढी मोकळी. तुम्ही सूत कपड्याच्या निळीत बुडवता, एक टोक माझ्या हातात देता, दुसरं तुम्ही भिंतीला धरता, मधोमध चिमटीत ओढून सोडता, आणि ‘टण्ण’ करून भिंतीवर सरळ निळी रेघ उठते. आई भाकरी थापता थापता म्हणते, पिठात नीळ पडली तर तुम्हीच खायची. फोडणीच्या डब्यावर निळे ठिपके कायमचे राहिले. तो डबा अजून आहे, आबा. आई नवीन घेत नाही.

मग तो मधल्या बँकेचा मॅनेजर. बाहेरून आलेला, इस्त्रीत राहणारा, मनानं वाईट नसावा. त्यानं तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, जुनं नाव तारेच्या ब्रशनं पूर्ण घासून काढा, मग नवीन लिहा. तुम्ही हो म्हणालात. आणि केलंत काय, तर जुन्या ऑइलपेंटवर पातळ डिस्टेंपरचा एक हात मारलात आणि वर नवीन नाव लिहिलंत. ऑइलपेंटवर डिस्टेंपर धरत नाही, ओल आली की खालचं वर दिसतं, हे मला आता ठाऊक आहे, तुम्हाला तर तेव्हाच होतं. श्रावणात भिंत ओलावली आणि नव्या नावाच्या फटींतून जुनं नाव वर आलं. पेठेतली माणसं मुद्दाम थांबून दोन्ही नावं मिळून एकदम वाचायची आणि हसायची. मॅनेजरनं तुम्हाला बोलावून घेतलं. मी तुमच्या मागं सायकल धरून उभा होतो. “काम अर्धवट केलंत आणि वर आम्हाला हसं केलंत,” तो म्हणाला, रस्त्यात, सगळ्यांच्या देखत. तुम्ही एवढंच म्हणालात, भिंत ओली हाय साहेब, सुकली की जाईल. ते काही गेलं नाही. त्यानं वर पत्र्याची छापील पाटी ठोकून घेतली, आणि तुम्हाला त्या बँकेचं काम परत कधी मिळालं नाही.

तेव्हापासून घरात तीन मतं. आईचं म्हणणं, उन्हात उपाशी होतात, घासायचा कंटाळा केलात. चुलत्याचं म्हणणं, घासणाऱ्या गड्याची मजुरी वाचवली. आणि पेठेतल्या लोकांचं म्हणणं, पेंटरचा जीव जुन्या बँकेत अडकला होता, आपल्या हातचं नाव त्याला पुसवेना. मला अर्थात तिसरं आवडायचं. बापाबद्दल बोलताना तेच सांगावं असं वाटतं. गुजरातेत एका धाब्यावर मी ते रंगवून सांगितलंय सुद्धा.

तर रविवार. बँक बंद, पेठेत मटणाच्या दुकानासमोर रांग, आणि मी शिडीवर. जोडीदार खाली ग्राइंडर जोडायला पॉइंट शोधत होता. नियम असा आहे की जुना बोर्ड निघाला की भिंत ग्राइंडरनं घासून कोरी करायची, कोऱ्या भिंतीचा फोटो कंपनीला पाठवायचा, मगच नवीन बोर्ड चढवायचा. पत्र्याचे स्क्रू गंजले होते. तेवढ्यात खालून आवाज आला, “पावणं, जपून. त्याच्या खाली माझ्या बँकेचं नाव हाय.” बघतो तर काउंटरवरचे काका. तुम्हाला आठवत असतील, तेव्हाही इथंच क्लार्क होते, आता रिटायर व्हायला आलेत. हातात मटणाची पिशवी. मी म्हटलं, माझ्या बापाचं अक्षर बी हाय. त्यांनी मान वर करून नीट बघितलं. “पेंटरचा पोरगा व्हय तू? बाप अक्षर काढत होता, तू भोकं पाडायला आलायस.” म्हटलं, काळ बदललाय, काका. म्हणाले, “काळ कशाला, बँका बदलल्या. मी खुर्ची सोडली न्हाय, त्याच येऊन गेल्या.”

मग मला कुठलं काम सुचतंय! स्क्रूवर पाना तसाच ठेवून मी त्यांना विचारत बसलो की आतनं हे कसं होतं. जोडीदार खालून कपाळाला हात लावत होता. काका सांगत होते, काही दिसत नाही बघ. शनिवारी संध्याकाळी एका बँकेत कुलूप लावलं, सोमवारी दुसऱ्या बँकेत उघडलं. रबरी शिक्के गोळा करून घेऊन गेले, नवीन दिले. शेअर होते त्यांना जुन्याच्या बदल्यात नवीन बँकेचे ठरलेल्या हिशेबानं मिळाले. गिऱ्हाईक तेच, भांडणं तीच. फक्त चहाचं जमेना. नवीन लोकांनी आत मशिन आणलं, जुने लोक समोरच्या टपरीवर जायचे, आणि दोन्हीकडचे एकमेकांना ‘तिकडचे’ म्हणायचे. मशिन बिघडलं तसे सगळे टपरीवर आले. कागदावर कधीही झालेलं असू दे, त्यांच्या मते बँका एक झाल्या त्या मशिन बिघडलं त्या दिवशी. पण हे सांगून झाल्यावर ते म्हणाले, तरी एक सांगतो, आपली बँक गिळली त्यांनी. आपण कधी कुणाचं वाकडं केलं नव्हतं.

पाटी सुटली. मागं कुंभारमाशीची घरं, पालीची अंडी, आणि त्याच्या मागं दोन नावं एकमेकांत गुंतलेली. नावं इथं लिहीत नाही, तुम्हाला ठाऊकच आहेत. काका पिशवी खाली ठेवून बघत राहिले. मी मात्र अक्षरांच्या जवळ होतो, म्हणून मला दिसलं ते त्यांना दिसलं नाही. जुन्या नावाचं पहिलं अक्षर घासलेलं होतं. तारेच्या ब्रशचे ओरखडे, वरपासून निम्म्यापर्यंत, अगदी मन लावून घासलेले. तुम्ही सुरुवात केली होती, आबा. कंटाळा नाही, मजुरी नाही, आणि जीवही कुठं अडकला नव्हता. स्वतःच्या हातचं अक्षर तुम्ही सरळ पुसायला घेतलं होतं.

आणि मग थांबला होतात. का, ते बघायला मी थुंकी लावून अंगठ्यानं धूळ पुसली. ओरखड्यांच्या खाली तुमचा निळा रंग संपतो आणि विटकरी रंगाचं दुसरंच अक्षर लागतं. तुमचं नव्हे. जुन्या वळणाचं, पोट मोठं, शेपटी लांब. मी फोटो काढून खाली उतरलो आणि काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाले, ते नोकरीला लागायच्या आधी या गाळ्यात पेठेतल्या व्यापाऱ्यांची एक लहान बँक होती म्हणे. ती अडचणीत आली म्हणून आपल्या बँकेनं घेतली. उद्घाटनाच्या आधी भिंतीला बाहेरून रंग मारून घेतला आणि मग पाटीसाठी तुम्हाला बोलावलं. म्हणजे खाली काय आहे ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. त्यांना ऐकून माहीत होतं, पण कधी डोक्यात आलं नव्हतं. “म्हंजे आपण बी गिळलीच की,” काका म्हणाले, आणि स्वतःशीच हसायला लागले. घरून फोन आला, मटण कुठं अडकलं म्हणून, तरी हसणं थांबेना.

मी तेव्हापासून हाच विचार करतोय. ब्रश घासता घासता दुसऱ्या कुणाचं अक्षर समोर आलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं? तो पेंटर कोण, हे तुम्ही वळणावरून ओळखलंत का? की तुम्हाला असं वाटलं की कुणीतरी आधीही असंच न खरवडता वरून रंग मारून मोकळं झालंय, तर आपणच का घासावं? की स्वतःचं पुसायला हरकत नाही, पण ज्याला विचारता येत नाही त्याचं पुसू नये? शेवटचं मला आवडतं, पण मागच्या वेळीही मला आवडलेलं खोटं निघालं होतं. आणि मॅनेजर रस्त्यात बोलत होता तेव्हा हे एका वाक्यात सांगता आलं असतं, तर तुम्ही भिंत ओली आहे एवढंच का म्हणालात? मी मागंच उभा होतो. घरी येताना मला तरी सांगायचं होतंत.

जोडीदारानं ग्राइंडर चालू केला. मी म्हटलं, थांब, डिस्टेंपर आण. तो म्हणाला, दादा, ओल आली की वर येईल. म्हटलं, येऊ दे की, वर बोर्ड आहे. एक हात मारला, ओला असतानाच फोटो काढला, भिंत पांढरीशुभ्र दिसली, कंपनीचा होकार आला. मग बोर्डाचे बोल्ट अक्षरांच्या मधल्या जागेत बसवायचे म्हणून फ्रेमला नवीन भोकं पाडत बसलो. दुपार त्यात गेली. घरी रस्सा गार झाला आणि आईनं दोघांनाही सुनावलं. मी तिला ओरखड्यांचं सांगितलं. ती म्हणाली, बघ, मी म्हणतच होते, सुरुवात करून सोडून द्यायची सवयच होती त्यांना. आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, ती कुणाकडं आलीय ते दिसतंयच. पण थोड्या वेळानं, वाढता वाढता, तिनं पुन्हा विचारलं, अक्षर निम्म्यापर्यंत घासलेलं म्हणतोस? मी हो म्हटलं. तिनं फोडणीचा डबा पदरानं पुसला आणि जागेवर ठेवला.

आता मी निपाणीच्या पुढं एका लॉजवर आहे. बोर्डाच्या खोक्यातून निघालेल्या खाकी कागदावर हे लिहितोय. उद्या सकाळी इथल्या शाखेचा बोर्ड आहे, आणि समोरच्या पानवाल्याला मी आजच विचारून ठेवलंय, आधी काय होतं. हा कागद कुठं द्यायचा ते मला सुचत नाही. हत्यारांच्या पेटीत ठेवेन, तेलाचे डाग पडतील, मग कशाला तरी गुंडाळायला जाईल.

एक सांगायचं राहिलं. जोडीदार डिस्टेंपर कालवायला गेला होता तेव्हा मी रंग खरवडायच्या पत्रीच्या टोकानं त्या विटकरी अक्षराच्याही खाली थोडंसं खरवडलं. राहवलंच नाही. तिथं नाव निघालं नाही. चुना निघाला, आणि चुन्यावर त्याही पेंटरची निळीच्या सुताची सरळ रेघ. आईला मी सांगितलंय की आबांचं होतं तेवढं सगळं जागेवर आहे. पण पत्री तुमच्या अक्षरातनंच खाली गेली होती. नखाएवढं कमी आहे. ते तिला सांगितलेलं नाही.